जुन्या विहिरीचं पाणी कुठं गेलं

विहीर कशी बुजवावी, हे मी आयुष्यात पुष्कळांना सांगितलं आहे. नोकरीत असताना हाताखालच्या पोरांना सांगितलं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं, हिंजवडीला जाणाऱ्या नातवाला त्याच्या कॅबची वाट बघता बघता सांगितलं. ऐकणाऱ्यांना मजा वाटते आणि मलाही सांगताना हुरूप येतो. पण दर वेळी मी शेवटच्या फरशीपाशी थांबतो. फरशी बसवली, सांध्यात चुना भरला, झालं काम. त्यानंतरच्या आठवड्यात काय घडलं ते मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. ज्यांना त्याचा राग आला असता, त्यांतलं आता कुणी उरलेलं नाही. म्हणजे आत्ता लिहिण्यात काही धाडस नाही, हे मला कळतं. तरी लिहितो, कारण ज्या बाईवर आळ आला तिचं नाव घरात अजूनही त्याच आळासकट घेतलं जातं.

आमचं घर रहाटणीच्या शिवारात, वस्तीवर. घरात आबा, आई, मी, अंगावर पिणारी धाकटी बहीण गंगू आणि आत्या. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. तिला खेडच्या पलीकडं दिली होती. लग्नाला चार वर्षं झाली नाहीत तोवर नवरा गेला. सासरी तिला गोठ्याच्या पडवीत अंथरूण दिलं होतं. आबा एकदा सहज भेटायला गेले आणि ते बघून तिला गाडीत घालून घेऊनच आले. येताना म्हणे तिच्या दिरांना सांगून आले की ही आता माझ्या घरातून हलायची नाही. मला कळू लागलं तेव्हापासून आत्या आमच्याकडंच होती. सणाच्या दिवशी हळदीकुंकवाच्या बायका आल्या की ती आपण होऊन परसात जायची, पण परसातली विहीर तिची होती. पहाटे मला जाग यायची ती रहाटाच्या कुरकुरीनं. घागर पाण्यावर आपटल्याचा एक आवाज, भरून वर येताना दुसरा. मग चुलीपाशी हुलग्याच्या माडग्याचा वास, आणि आत्याची हाक, "नाम्या, ऊठ, न्हाईतर माडगं मांजराला घालीन." मांजराला माडगं आवडत नव्हतं, हे तिला नि मला दोघांनाही माहीत होतं.

विहिरीच्या आत पाच पायऱ्या उतरलं की डाव्या हाताला एक देवळी होती. तीत शेंदूर लावलेले सात दगड होते, मुठीएवढे. त्या आसरा. पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. आमच्या भागातल्या बायका त्यांना फार वचकून असायच्या, विशेषतः लेकुरवाळ्या. बाळंतिणीला आणि तान्ह्या पोराला आसरा धरतात, असं सगळ्या मानायच्या. आई त्या पायऱ्या कधी उतरायची नाही. शुक्रवारी दिवा लावायचा तो आत्यानंच. मी तिच्यामागं बसून प्रश्न विचारायचो. मला प्रश्न विचारायची खोडच होती.

"आत्या, ह्या पाण्यात राहतात, मग दगड वर कशाला?"

"तू घरी ऱ्हातोस न्हवं? मंग तुझं नाव मास्तराच्या हजेरीत कशाला रं?"

 ती हसून वात सारखी करायची.

मी शाळा संपायच्या बेताला आलो तेव्हा खालच्या वावरात नवी विहीर खोदून झालेली होती. घरापासून दोनशे पावलं, उताराला. तिचं पाणी गोड लागलं. जुनीचं पाणी तोवर उतरलं होतं, त्याला शेवाळाचा वास मारायचा. वापर थांबला तसा कठडाही ढासळला. उन्हाळ्यात शेजाऱ्यांचं वासरू तीत पडलं, ते जिवंत निघालं नाही. गंगू तेव्हा नुकती रांगू लागली होती. त्या दिवशी आई तिला कडेवरून खाली ठेवीना. आबांनी ठरवलं, विहीर बुजवायची.

नवी विहीर ज्यानं खोदली होती त्या यल्लप्पालाच त्यांनी बोलावलं. तो वडार, उंचीला कमी, पण पहार हातात घेतली की त्याच्याकडं बघत राहावं. पिंपरीच्या माळावर तेव्हा मोठा कारखाना उभा राहत होता. दुपारी सुरुंगाचे बार व्हायचे आणि आमच्या भांड्यांची उतरंड किणकिणायची. यल्लप्पा तिथं पायाच्या कामावर होता. चार-आठ दिवस सुट्टी काढून तो आमच्याकडं आला. आबांनी परसातल्या केराकडं, जुन्या भिंतीच्या मातीकडं, कडब्याच्या कुजक्या पेंढ्यांकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "हे समदं ढकलून द्यायचं, काय?"

यल्लप्पानं तंबाखू मळता मळता हात थांबवला. "आबा, उकिरडा करायचा आसंल तर मला कशाला बोलावलं? ते काम गाढवं बी करत्यात."

आबा हसले, पण जरा ओशाळून. मग यल्लप्पानं जे सांगितलं ते मी पुढं जन्मभर माझं म्हणून सांगत आलो. विहीर बुजवायची म्हणजे जमीन जशी होती तशी तिला परत द्यायची. खाली कातळ होता तिथं दगड, तोही धुतलेला. वर मुरूम होता तिथं मुरूम. त्यावर चिकणमाती, ओली करून, थरावर थर चोपून. कुजणारं काहीही आत जाता कामा नये, पानसुद्धा नाही. "न्हाईतर आत पोकळी पडतीया, वरचं खचतंय. आन् पावसाचं पानी ती घान घिऊन जातंय तुमच्या नव्या हिरीत."

"ह्या विहिरीतलं त्या विहिरीत कसं जाईल?" मी विचारलं.

"खालनं. झरा येकच हाय."

"कशावरून?"

"म्या दोनी हिरी आतनं बघितल्यात, दादा. कातळाची भेग ह्या अंगानं त्या अंगाला चाललीया."

"पण पाणी जाताना बघितलंय का?"

यल्लप्पा मोठ्यानं हसला. "आरं, पानी जाताना कोन बघतंय! तू बघ आन् मला सांग."

हे त्यानं गमतीनं म्हटलं. पण माझ्या डोक्यात ते वाक्य जे शिरलं ते निघेना. आपण उभे आहोत त्या जमिनीखालून, कुणाला न दिसता, पाणी दोनशे पावलं चालत जातं. खरंच जातं? किती दिवसांत जातं? नातू म्हणतो, आजोबा, तुम्ही सायंटिस्ट व्हायला हवं होतं. मी त्याची कॅब आली का ते बघतो.

कामाला हात लावायच्या आधी आसरांना हलवायचं होतं. रीत अशी की सवाष्णीनं त्यांची खणानारळानं ओटी भरायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग दगड टोपलीत घेऊन डोक्यावरून नव्या पाण्यापाशी न्यायचे. वाटेत बोलायचं नाही, मागं बघायचं नाही. ओटी आईनं भरली, तीही वरच्या पायरीवरून हात लांबवून. पण टोपली उचलायची वेळ आली तेव्हा ती मागं सरली. काखेत गंगू होती. वस्तीवरच्या दोघी-तिघी जमल्या होत्या, त्याही एकमेकींकडं बघू लागल्या. एकीचं पोर तापातून उठलेलं, एकीला दिवस गेलेले. ऊन चढत होतं. यल्लप्पा दोर घेऊन बाजूला ताटकळला होता.

शेवटी आत्याच पुढं झाली. "आणा हिकडं. माझं आता काय न्यायचंय त्यास्नी?"

"वन्सं, तुमी नका," आई हळूच म्हणाली. "तुमच्या कपाळाला..."

"इतकी वर्सं दिवा कुनी लावला? तवा चालत हुतं न्हवं?"

 आत्यानं डोक्यावर चुंबळ ठेवली, टोपली घेतली आणि उतारानं निघाली. मी मागून बघत होतो. तिनं एकदाही मान वळवली नाही. नव्या विहिरीच्या आत आबांनी देवळी करून ठेवली होती, तीत तिनं साती दगड मांडले आणि वर येऊन पदरानं घाम पुसला. तिच्या तोंडावर असं काही होतं की जणू तिनं स्वतःचं घर हलवलं होतं.

मग काम सुरू झालं. यल्लप्पानं आधी पेटता कंदील दोरानं खाली सोडला. तो विझला नाही, तेव्हा यल्लप्पा स्वतः उतरला. आतली हवा वाईट असली तर ज्योत आधी सांगते, म्हणाला. दोन दिवस गाळ उपसला. त्या गाळातून तीन घागरी, एक पळी आणि माझा हरवलेला भोवरा निघाला. तळाशी कळीचा चुना टाकला, तो खदखदला, आणि मी काठावर पालथा पडून तो आवाज ऐकला. रात्रीतून तळाला पुन्हा गुडघाभर पाणी साचलं. तिसऱ्या दिवशी धुतलेले दगड आत पडू लागले, आणि दुपारपर्यंत पाणी दगडांच्या खाली दिसेनासं झालं. यल्लप्पा भाकरी खायला लिंबाखाली गेला.

आईच्या फडताळात लुगडी रंगवायच्या लाल रंगाची पुडी असायची. विटलेलं लुगडं ती घंगाळात बुडवायची आणि मग तिचे हात आठवडाभर लाल दिसायचे. ती पुडी मी सकाळीच खिशात घातली होती. चिमूटभर रंगानं घंगाळ लाल होतं, मी सबंध पुडी तांब्यात कालवली. पायऱ्या उतरलो आणि दगडांच्या फटीतून तांब्या रिकामा केला. वरून काहीच दिसलं नाही. दगड ओले झाले आणि वाळले. एवढंच मी केलं. मला त्या वेळी त्यात चोरी वाटली ती फक्त पुडीची.

पुढचे चार दिवस मी यल्लप्पाबरोबर राबलो. दगडांवर भरड वाळू, तीवर मुरूम, मग नदीकाठची चिकणमाती. धुमस, म्हणजे माती चोपायची जड मोगरी, उचलून आपटायची, पुन्हा पाणी शिंपडायचं, पुन्हा आपटायची. माझ्या तळहाताला फोड आले. यल्लप्पा थरावर टाच रोवून बघायचा. टाच रुतली की म्हणायचा, "अजून कच्चंय, चला." शेवटी फरशी बसली. त्या दिवशी आत्यानं सगळ्यांना गूळ घालून घट्ट खीर केली. यल्लप्पानं तीनदा मागून घेतली. तो पुन्हा कारखान्याच्या कामावर निघून गेला. ह्या सगळ्या काळात मी रोज नव्या विहिरीवर जाऊन पाणी बघत होतो. स्वच्छ. रोज स्वच्छ. मला वाटलं, यल्लप्पा चुकला. मी जरा हिरमुसलोही.

फरशी बसल्यावर तिसऱ्या सकाळी आईची किंकाळी ऐकू आली. मी धावत गेलो. उन्हाळ्यामुळं पाणी कमी होतं, कंबरेइतकं. घराकडच्या बाजूला, कातळाच्या एका भेगेतून लाल ओघळ उतरत होता आणि पाण्यात पसरून गुलाबी होत होता. बरोबर त्या भेगेच्या वर देवळी होती. आईच्या हातातली घागर खाली पडली होती.

आता जे लिहितो त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मला आनंद झाला. इतका आनंद मला पुढं नोकरी लागली तेव्हाही झाला नाही. जातं! खरंच जातं! आठ दिवस लागले! ओठावर शब्द आले होते. आणि मग मी आईचं तोंड बघितलं.

"रगात हाय," ती म्हणाली. "आसरा कोपल्या."

अर्ध्या तासात वस्ती गोळा झाली. जिला दिवस गेले होते ती बाई लांबूनच म्हणाली, "बिनकुंकवाच्या बाईनं डोक्यावर घेतल्या, आनि काय व्हनार?" आबा तिच्यावर खेकसले. आत्या मात्र पायऱ्या उतरली. तिनं ओंजळीत पाणी घेतलं, निरखलं आणि सगळ्यांच्या देखत पिऊन टाकलं. "चव तीच हाय," ती म्हणाली.  तिनं वर बघितलं तेव्हा माझी नि तिची नजरानजर झाली. त्या क्षणी मी बोललो असतो तर गोष्ट तिथंच संपली असती. आबांनी मला बडवलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत सगळे हसले असते.

मी बोललो नाही. मी यल्लप्पाकडं पळालो. पिंपरीच्या माळावर तो पायाच्या चरात उभा होता. ऐकल्यावर त्याचे डोळे चमकले. "आट दिस? मंग भेग रुंद हाय." मला चरात ओढून घेत तो म्हणाला, "शाब्बास, मास्तर!" आणि मग एकदम थांबला. "घरी सांगितलंस न्हवं? बायामानसं भ्यायची."

"सांगितलं," मी म्हणालो.

"मंग झालं. चार-आट दिसांत निवळंल."

हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा मोठं होतं, कारण पहिल्यात मी फक्त गप्प होतो. यल्लप्पा आला असता, त्यानं समजावलं असतं, त्याचं लोकांनी ऐकलं असतं. ती एकच वाट होती, आणि ती मी माझ्या हातानं बंद केली. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यानं मास्तर म्हटलं होतं. ते मला घालवायचं नव्हतं, असं वाटतं.

मी ठरवलं, उद्या आबांना सांगू. दुसऱ्या दिवशी गंगूला ताप भरला. उन्हाळ्यात लहान पोरांना भरतो तसाच. पण आईनं त्या दिवशीपासून आत्याच्या हातचं पाणी घेणं बंद केलं. ती दुष्ट नव्हती, ती भ्यालेली होती. गंगूच्या आधीची दोन पोरं तिनं मातीला दिली होती. तिसऱ्या दिवशी तिनं भगताला बोलावलं. त्यानं तांदूळ टाकले आणि सांगितलं की सवाष्णीनं दगड धुऊन पुन्हा मांडावेत, आणि जिनं ते वाहून आणले तिनं ह्या पाण्याची हद्द सोडावी. आबा म्हणाले, माझी बहीण कुठं जाणार नाही. आईनं गंगूला त्यांच्या मांडीवर टाकलं. "मंग हिला घ्या," ती म्हणाली. पोरगी निपचित पडली होती. मी उंबऱ्यावर बसून होतो. आता सांगितलं तर माझ्यामुळं एवढं सगळं झालं असं होईल, ह्या भीतीनं मी तिथून उठलोच नाही. एक दिवस आधी सांगणं सोपं होतं. त्याच्या आदल्या दिवशी आणखी सोपं.

भांडण आत्यानंच मिटवलं. "भाऊ, पोरीचा ताप उतरू दे. मी जाते सासरी," म्हणाली. आबांनी बैल जुंपले तेव्हा त्यांच्या गळ्याखालच्या सापत्या, म्हणजे जुवाचे पट्टे, त्यांनी दोनदा सोडून पुन्हा बांधले. तिच्याजवळ एक बोचकं होतं. गाडीत बसताना तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अभ्यास कर. लई इचारत जाऊ नगं, लोकं कावत्यात." गाडी चाकणच्या वाटेला लागली.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी विहिरीचं पाणी निवळलं. गंगूचा ताप त्याच्या आधीच उतरला होता. वस्तीला दुसरा पुरावा नको होता. पुढच्या दिवाळीत आईनं लुगडं रंगवायला फडताळ उघडलं, पुडी शोधली, मला विचारलं. मी माहीत नाही म्हणालो. तिनं माझ्याकडं बघितलं. मग तिनं फडताळ लावलं आणि पुन्हा कधी लाल रंग आणला नाही. तिला काय कळलं, किती कळलं, हे आमच्यात कधी बोललं गेलं नाही.

नोकरी लागल्यावर पहिल्या रजेत मी आत्याकडं गेलो. एसटीत खेडपर्यंत मी दोनच वाक्यं घोकत होतो. तिचं अंथरूण पुन्हा गोठ्याच्या पडवीतच होतं. मला बघून ती लहान मुलीसारखी हरखली, चुलीवर पिठलं टाकलं, जावेकडून तूप मागून आणलं. मी नोकरीचं सांगितलं, गंगू शाळेत जाते हे सांगितलं. भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "पानी निवळलं का रं, नव्या हिरीचं?"

"निवळलं. लगेच निवळलं."

"बरं झालं." तिनं भाकरी उलटली. "मी गेल्यावर निवळलं न्हवं? मंग माझंच चुकलं, नाम्या. म्या मोठेपना केला. न्हवतं उचलायचं. पोरीला काय झालं आसतं तर?"

 मला वाटलं होतं, तिला राग असेल, संशय असेल, निदान ती माझ्याकडं रोखून बघेल. ती त्या सगळ्यांच्या बाजूची झाली असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. "आत्या," मी म्हणालो. "काय रं?" म्हणत तिनं मान वर केली. चुलीच्या धुरानं तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती माझ्यासाठी हसत होती. "शेवटची गाडी चुकंल," मी म्हणालो, आणि उठलो. त्या पावसाळ्यात ती गेल्याचं कार्ड आलं.

एसटीत घोकलेली ती दोन वाक्यं अशी होती: आत्या, पाण्यात रंग मी ओतला होता. तुझ्या हातून काही चुकलं नव्हतं, मला माफ कर.